आफ्रिका खंड समजून घ्यायचंय? देशांची यादी आधी बाजूला ठेवा

आफ्रिकेची ओळख करून घ्यायची म्हटलं की बहुतेक जण ५४ देश आणि त्यांच्या राजधान्या पाठ करायला बसतात, शाळेत आपल्याला तसंच करायला लावलेलं असतं म्हणून, आणि दहाबारा नावांनंतर सगळा गोंधळ होतो, नायजर कुठला नि नायजेरिया कुठला, काँगो दोन का, गिनी नावाचे तीन देश कसे. माझं म्हणणं असं की देश सगळ्यात शेवटी घ्यायचे. तिथल्या सीमा ही त्या खंडावरची सगळ्यात नवी गोष्ट आहे, बहुतेक १८८५ च्या आसपास आणि त्यानंतर आखलेल्या. वारा, नद्या, धान्य, भाषा, व्यापाराच्या वाटा हे सगळं त्याच्या कितीतरी आधीचं. ते एकदा डोक्यात बसलं की सीमा कळायला लागतात, निदान त्या इतक्या विचित्र का आहेत ते तरी कळतं. आणि आपण गोव्यात राहणारे, आपल्याला तर सुरुवात करायला लांब जायची गरजच नाही, समोरच्या अरबी समुद्राचा पलीकडचा काठ म्हणजे अरबस्तान आणि आफ्रिका.

पहिलं काम, नकाशा स्वतःच्या हाताने काढायचा. मोबाईलवर बघून चालत नाही, काढायलाच पाहिजे. कोरा कागद घ्या, पट्टी घ्या, १६ सेंटीमीटरचा चौकोन आखा. आफ्रिका उत्तर-दक्षिण साधारण ८००० किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम साधारण ७४०० किलोमीटर, म्हणजे जवळजवळ चौकोनात बसते आणि एका सेंटीमीटरला ढोबळ ५०० किलोमीटर असं स्केल मिळतं. आता चार कडांवर चार टिंबं द्या. वरच्या कडेवर डावीकडून साडेसहा सेंटीमीटरवर ट्युनिशिया, डाव्या कडेवर वरून ५ वर सेनेगलचं डकार, उजव्या कडेवर वरून ६ वर सोमालियाचं टोक, आणि खालच्या कडेवर डावीकडून पावणेनऊवर अगुल्हास भूशिर. (दक्षिण टोक म्हणजे केप ऑफ गुड होप असं खूप जणांना वाटतं, खरं टोक अगुल्हास.) मग बरोबर मध्ये, ८ सेंटीमीटरवर आडवी रेघ मारा, ते विषुववृत्त. वरून ३ वर कर्कवृत्त आणि खालून अडीचवर मकरवृत्त. जगात हा एकच खंड असा आहे की ज्याच्यातून ही तिन्ही वृत्तं जातात.

आता किनारा. डकारपासून खाली उतरायचं, वरून ७ सेंटीमीटरच्या आसपास आलं की किनारा उजवीकडे वळून जवळजवळ आडवा धावतो, डाव्या कडेपासून ६ वर पोचला की परत खाली वळतो आणि तसाच अगुल्हासपर्यंत जातो. पूर्वेकडे सुएझपासून लाल समुद्राच्या काठाने तिरकं उतरत, शिंगाला (सोमालियाच्या बाजूचा तो टोकदार भाग, त्याला आफ्रिकेचं शिंग म्हणतात) वळसा घालून, मग मोम्बासा, मोझांबिक करत खाली. मादागास्कर खालच्या उजव्या कोपऱ्याकडे लांबट बेट. पहिला नकाशा वेडावाकडा येणारच, तीन-चार वेळा काढा, नंतर न बघता येतो.

मापाबद्दल एक सांगायलाच पाहिजे. भिंतीवरच्या नेहमीच्या नकाशात ग्रीनलंड आणि आफ्रिका सारखेच दिसतात, प्रत्यक्षात आफ्रिका ग्रीनलंडच्या १४ पट आहे. क्षेत्रफळ साधारण ३ कोटी चौरस किलोमीटर, आपला भारत ३२.८७ लाख, म्हणजे नऊ भारत मावतील, आणि त्यातलं एकटं सहाराच जवळजवळ तीन भारतांएवढं आहे. हे आकडे एकदा मनात बसले की "आफ्रिकेत हवा कशी असते हो" हा प्रश्न कुणी विचारणार नाही.

आता खरी मजा. नकाशात वरून पावणेपाच सेंटीमीटरवर एक बारीक रेघ मारा आणि ती कागदाच्या बाहेर उजवीकडे लांब न्या. ही आपली रेघ, पणजीचा अक्षांश, साधारण साडेपंधरा उत्तर. याच रेघेवर सुदानचं खार्तूम आहे, जवळजवळ तंतोतंत. पणजीला वर्षाला ३००० मिलिमीटरच्या घरात पाऊस आणि खार्तूमला दीडशेच्या आसपास. रेघ तीच, ऊन तेच, मग एवढा फरक कशाने? इथे वारा समजून घ्यावा लागतो. उन्हाळ्यात मादागास्करच्या बाजूच्या दक्षिण हिंदी महासागरातून वारे विषुववृत्ताकडे निघतात, केनिया-इथिओपियाचे उंच डोंगर त्यांना आत शिरू देत नाहीत, मग ते केनिया-सोमालियाच्या किनाऱ्याला लागून विषुववृत्त ओलांडतात, पृथ्वीच्या फिरण्यामुळे उजवीकडे वळतात आणि अख्खा अरबी समुद्र पार करत, पाणी उचलत, कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर येतात आणि सह्याद्रीवर चढताना ते पाणी सोडतात. खार्तूम त्या वाटेवर नाही, शिवाय मध्ये इथिओपियाचं पठार बराचसा पाऊस घेऊन टाकतं. म्हणजे जूनमध्ये आपल्या अंगणात पडतो तो पाऊस आफ्रिकेच्या काठाने वळसा घेऊन आलेला असतो. मला ही गोष्ट कितीही वेळा सांगितली तरी कमीच वाटते.

थंडीत वारा उलटा, ईशान्येकडून. म्हणून शेकडो वर्षं आपल्या बाजूची गलबतं डिसेंबर ते मार्चमध्ये आफ्रिकेकडे जायची आणि नंतर वारा फिरला की परत यायची. हे गणित न पाळल्यावर काय होतं त्याचा पुरावा वास्को द गामाच्या सफरीत आहे. १४९८ च्या एप्रिलमध्ये तो आजच्या केनियातल्या मालिंदीहून तिथला वाटाड्या घेऊन निघाला आणि साधारण साडेतीन आठवड्यांत कालिकतच्या किनाऱ्याला लागला. परत जाताना आपल्या अंजदीव बेटावरून ऑक्टोबरच्या सुरुवातीला निघाला, वारा अजून नीट फिरलेला नव्हता, तर तेवढ्याच समुद्राला तीन महिने लागले आणि स्कर्व्हीने त्याची माणसं मेली. तर नकाशावर दोन बाण काढा, एक उन्हाळ्याचा, एक थंडीचा. पूर्व आफ्रिकेचा अर्धा इतिहास त्या दोन बाणांत आहे.

जमिनीचं फार लांबवत नाही. पूर्वेला लाल समुद्रापासून मोझांबिकपर्यंत एक मोठी खचदरी आहे, जमीन अजूनही हळूहळू फाकतेय. टांगानिका हे लांबट सरोवर त्याच दरीत, जवळजवळ १४७० मीटर खोल. किलिमांजारो ५८९५ मीटर, त्या दरीच्या बाजूलाच. दरीच्या दोन फांद्यांमध्ये व्हिक्टोरिया सरोवर, आपल्या गोव्यासारखे अठरा गोवे त्यात मावतील एवढं. नाईल दोन, पांढरी व्हिक्टोरियाकडून आणि निळी इथिओपियातल्या ताना सरोवरातून, आणि त्या मिळतात कुठे तर आपल्या रेघेवर, खार्तूमला. काँगो नदी विषुववृत्त दोनदा ओलांडते, त्यामुळे तिच्या कुठल्या ना कुठल्या भागात कायम पावसाळा असतो आणि पाणी कमी होत नाही.

पण एकच नदी नीट शिकायची असेल तर नायजर शिका. गिनीच्या डोंगरात उगम, तिथून अटलांटिक फक्त २४० किलोमीटरवर, पण नदी समुद्राकडे पाठ करून उलटी वाळवंटाकडे जाते, टिंबक्टूच्या जवळून मोठं वळण घेते आणि ४००० किलोमीटरहून जास्त फिरून नायजेरियात समुद्राला मिळते. त्या वळणावर उंटांचा रस्ता आणि होड्यांचा रस्ता एकत्र येतो. उत्तरेकडून मीठ यायचं, दक्षिणेकडून सोनं. टिंबक्टू तिथेच का वाढलं, माली आणि सोंघाईची मोठी राज्यं तिथेच का झाली, हे वेगळं पाठ करावंच लागत नाही. मालीचा राजा मान्सा मुसा १३२४ मध्ये हजला जाताना कैरोत थांबला आणि त्याने इतकं सोनं वाटलं की तिथे सोन्याचा भाव पडला. टिंबक्टूच्या घराघरांत पुढे हस्तलिखितं जमा झाली, ती आजही आहेत. आफ्रिकेला लेखी इतिहास नाही असं अजून कुणी म्हणालं तर त्याला हे सांगा.

आता स्वयंपाकघरात या. ज्वारी, बाजरी, नाचणी ही आपल्या भाकरीची तिन्ही धान्यं मुळात आफ्रिकेतली. ज्वारी सुदानच्या बाजूची, बाजरी पश्चिमेला सहाराच्या दक्षिण कडेची, नाचणी इथिओपिया-युगांडाच्या डोंगरातली. हजारो वर्षांपूर्वी ती इकडे आली आणि इतकी रुळली की आपल्याला ती आपलीच वाटतात. नाचण्याची आंबील, आळसांद्यांचा तोणाक, आमटीतली चिंच, पर्राचं कलिंगड, या सगळ्यांचं मूळ तिकडचं. उलट केळं आशियातून तिकडे गेलं आणि युगांडात ते रोजचं जेवण झालं, कच्ची केळी वाफवून. मका आणि कसावा अमेरिकेतून पोर्तुगीजांबरोबर आले. म्हणून मी मुलांना सांगतो की नकाशावर देशांऐवजी आधी जेवण लिहा. उत्तरेला कुसकुस, इथिओपियात इंजेरा (टेफ नावाच्या बारीक धान्याचं पीठ आंबवून केलेला जाळीदार पोळा, आपल्या आंबोळीची मोठी बहीण म्हणा), पूर्वेला आणि दक्षिणेला मक्याच्या पिठाचं घट्ट उगाली, पश्चिमेला कंद कुटून केलेलं फुफू. चार शब्दांत खंडाचे चार भाग.

काजूचं तर स्वतंत्र सांगितलं पाहिजे. काजू ब्राझीलचा, पोर्तुगीजांनी तो गोव्यात आणला आणि मोझांबिकलाही नेला. आज आपल्या कारखान्यांत फोडला जाणारा काजू फक्त इथल्या डोंगरावरचा नसतो, आफ्रिकेतूनही कच्चा काजू येतो. आता सीझन बघा. आपल्याकडे बोंडू मार्च ते मे. आयव्हरी कोस्ट, बेनिन हे विषुववृत्ताच्या उत्तरेला, त्यांचा सीझन आपल्या जवळपासच. टांझानिया आणि मोझांबिक दक्षिणेला, तिथे काजू ऑक्टोबरनंतर. एकाच झाडाने दोन गोलार्धांतले उलटे ऋतू समजावून दिले. काजूच्या धंद्यात कुणी ओळखीचं असेल तर त्याला विचारा की कुठल्या महिन्यात कुठला माल येतो, भूगोलाचं पुस्तक इतकं स्पष्ट सांगणार नाही.

माणसांकडे येऊ. तिथे साधारण २००० भाषा आहेत, एकट्या नायजेरियात ५०० च्या वर. सगळ्या शिकायच्या नाहीयेत, चार मोठी घराणी लक्षात ठेवायची. उत्तर आणि शिंगाच्या बाजूला अरबी, अम्हारिक, हौसा, अमाझिग वगैरेंचं एक घराणं. नाईलच्या वरच्या भागात दिन्का, लुओ, मसाई यांचं दुसरं. पश्चिमेपासून थेट दक्षिणेपर्यंत पसरलेलं तिसरं, सगळ्यात मोठं, योरुबा, इग्बो, स्वाहिली, शोना, झुलू. यातल्या बांटू भाषा बोलणारे लोक चार-पाच हजार वर्षांपूर्वी कॅमेरून-नायजेरियाच्या बाजूने निघाले आणि शेती, नंतर लोखंड घेऊन हळूहळू दक्षिणेला पोचले, म्हणून केनियातल्या आणि दक्षिण आफ्रिकेतल्या भाषांत इतकं साम्य. चौथा गट कालाहारीच्या बाजूचा, जिभेचा टक् आवाज करून बोलणाऱ्यांचा. आणि मादागास्कर वेगळंच, तिथली भाषा बोर्निओकडच्या भाषांची नातेवाईक, माणसं होडीतून हिंदी महासागर ओलांडून आली. नकाशावर चार रंगांनी हे भाग हलके रंगवा. रंगांच्या कडा आणि देशांच्या सीमा नंतर ताडून बघा, क्वचितच जुळतील.

आपल्या बाजूलाही आफ्रिकेची माणसं आहेत, हे विसरू नका. गोव्याची हद्द ओलांडून यल्लापूर, हल्याळकडे गेलात की सिद्दी लोकांची गावं आहेत, कोकणी बोलतात, त्यांच्यात हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती तिन्ही आहेत. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचे पूर्वज गुलाम म्हणून इकडे आणलेले. पोर्तुगीज गोव्यातल्या मोठ्या घरांत आफ्रिकन गुलाम होते, हेही आपल्याच इतिहासाचं पान आहे आणि ते मुलांपासून लपवायचं नाही. मलिक अंबर हा इथिओपियात जन्मला, लहानपणी विकला गेला, बगदादमार्गे दख्खनमध्ये आला आणि निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला, १६१० मध्ये खडकी (पुढचं औरंगाबाद, आजचं छत्रपती संभाजीनगर) वसवली, मुघलांना गनिमी काव्याने जेरीस आणलं. मराठी वाचणाऱ्या माणसाला आफ्रिकेचा इतिहास परका वाटायचं काही कारण नाही.

इतिहासासाठी तारखांची माळ नको, नकाशावर थोडी टिंबं पुरेत. इथिओपियात हदार, तिथे १९७४ मध्ये लूसी हा ३२ लाख वर्षं जुना सांगाडा मिळाला. इजिप्त सगळ्यांना माहीत असतं म्हणून त्याच्या खालचं कुश घ्या, तिथल्या राजांनी एकेकाळी इजिप्तवरच राज्य केलं. इथिओपियाच्या उत्तरेचं अक्सूम, जिथे चौथ्या शतकात राजा एझानाने ख्रिस्ती धर्म घेतला. ग्रेट झिंबाब्वे, चुन्याशिवाय रचलेल्या दगडी भिंती आणि सोन्याचा व्यापार. किल्वा, टांझानियाच्या किनाऱ्यावरचं बंदर, १३३१ मध्ये मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता तिथे गेला होता. ही सगळी टिंबं युरोपियन जहाजं यायच्या आधीची, म्हणून ती एका रंगात करा.

दुसऱ्या रंगात त्यानंतरचं. अटलांटिकच्या गुलाम व्यापारात साधारण सव्वा कोटी माणसं जहाजांवर चढवली गेली आणि त्यातली लाखो वाटेतच मेली. हा आकडा वाचून पुढे जाऊ नका, पश्चिम किनाऱ्यावर हात ठेवून थोडं थांबा, कारण गावंच्या गावं रिकामी झाली आणि त्याचे परिणाम पुढे कित्येक पिढ्या राहिले. मग १८८४-८५ ची बर्लिन परिषद, युरोपातले देश एकत्र बसून वाटणीचे नियम ठरवतात आणि त्या टेबलावर आफ्रिकेचा एकही प्रतिनिधी नाही. काँगो तर बेल्जियमच्या राजाची, दुसऱ्या लिओपोल्डची खासगी मालमत्ता झाला आणि रबरासाठी तिथे जे अत्याचार झाले ते भयंकर आहेत. इथिओपियाने मात्र १८९६ मध्ये अडवाच्या लढाईत इटलीला हरवलं.

स्वातंत्र्याचा काळ १९५७ च्या घानापासून धरा, १९६० या एका वर्षात १७ देश मोकळे झाले. पोर्तुगीज वसाहतींची गोष्ट आपण वेगळी वाचायची, कारण ती आपलीच आहे. मोझांबिकचा कारभार १७५२ पर्यंत गोव्यातून चालायचा, त्याचे कागद आजही पणजीच्या पुराभिलेखागारात आहेत. (मोझांबिक बेट नकाशावर बघा, पंधरा अंश दक्षिण. आपण जेवढे वर तेवढंच ते खाली.) १९६१ च्या एप्रिलमध्ये मोरोक्कोतल्या कासाब्लांकाला पोर्तुगीज वसाहतींतल्या संघटना एकत्र आल्या, त्यात गोव्याच्याही होत्या. त्याच वर्षी १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला. अंगोला, गिनी-बिसाऊ, मोझांबिकला मात्र वर्षानुवर्षं लढावं लागलं, २५ एप्रिल १९७४ ला लिस्बनमध्ये क्रांती झाली, मग २५ जून १९७५ ला मोझांबिक आणि ११ नोव्हेंबरला अंगोला. बार्देशात जन्मलेले आकिनो द ब्रागांसा हे मोझांबिकचे राष्ट्राध्यक्ष सामोरा माशेल यांचे सल्लागार होते आणि १९८६ च्या विमान अपघातात दोघंही गेले. पिओ गामा पिंटो हे गोंयकार घरातले, जन्म नैरोबीचा, गोव्याच्या मुक्तीसाठीही झटले आणि केनियाच्या स्वातंत्र्यासाठी तुरुंगातही गेले, १९६५ मध्ये नैरोबीत त्यांचा खून झाला. ही दोन नावं आपल्या शाळांत शिकवली पाहिजेत असं मला मनापासून वाटतं.

आणि पुस्तकाआधी माणसं. बार्देशात, सासष्टीत असे जुने लोक अजून भेटतात ज्यांचं तरुणपण नैरोबी, कंपाला, दार-ए-सलाममध्ये गेलं, रेल्वेत, ऑफिसात, शिंपीकाम करत. १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातून आशियाई लोकांना हाकललं तेव्हा सुटलेली कुटुंबं आहेत. त्यांच्याकडे जा, बसा, "तिकडे पावसाळा कधी असायचा", "बाजारात कुठली भाषा चालायची", "जेवायला काय" असं साधं विचारा. "आफ्रिका कशी होती" असं विचारलंत तर दोन वाक्यांत उत्तर संपेल, बाजाराचं विचारलंत तर संध्याकाळ पुरणार नाही.

आता देश घ्या. पण एका वेळी एक. प्रत्येकाला तेच चार प्रश्न, पाणी कुठून येतं, लोक काय खातात, बाजारात कुठली भाषा चालते, समुद्राकडे जायची वाट कुठली, आणि मगच सीमा कुणी आणि का आखली. मी म्हणेन पहिला मोझांबिक, मग इथिओपिया, कारण तिथे इटलीचा पाचेक वर्षांचा कब्जा सोडला तर वसाहत झालीच नाही, मग नायजेरिया, कारण सगळ्यात जास्त लोकसंख्या तिथे, मग अल्जेरिया, क्षेत्रफळाने सगळ्यात मोठा. पाचवा गांबिया घ्या. नकाशावर तो सेनेगलच्या पोटात घुसलेली एक बारीक पट्टी आहे, नदीच्या दोन्ही काठांना लागून तेवढीच. बाकी काही न वाचता आधी त्या आकाराकडे बघून अंदाज करा की इथे कोण जहाजं घेऊन आत शिरलं असेल आणि बाहेरची जमीन कुणाकडे राहिली असेल. उत्तर ब्रिटन आणि फ्रान्स, १८८९ चा करार. तसंच नामिबियाच्या वरच्या कोपऱ्यातून उजवीकडे निघालेली लांब पट्टी बघा, ती १८९० मध्ये जर्मनीने झांबेझी नदीपर्यंत पोचायला मागून घेतली. या दोन पट्ट्यांचा अंदाज बरोबर आला की उरलेल्या देशांना हात घाला, कुठल्याही क्रमाने चालेल.